चार ते सहाचा पहारा

वर्तमानपत्रात उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला 'कळते', 'समजते' आणि 'पाहिले' या तीन शब्दांतला फरक पाळावा लागतो. पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी पाहिलेले आहे. एक गोष्ट पाहिली, पण उमगली नाही. तीही तशीच नोंदवली आहे. देवाने मला हाक मारली असे मी तेव्हा म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही. त्या दिवसापूर्वी मी भक्ती हा वडिलांचा छंद समजत होतो, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

खालापूर तालुक्यात, चौकच्या पुढे लोधिवलीच्या अंगाला आमचे गाव. गावातले पंचवीसेक पुरुष मुंबईत गिरण्यांत कामाला होते आणि परळच्या एका चाळीतली एक खोली त्या सगळ्यांची मिळून होती. मी वर्तमानपत्रात लागल्यावरही त्याच खोलीत राहत होतो. त्या खोलीत श्रावणात सप्ताह बसवण्याची प्रथा वडिलांनी सुरू केली. सात दिवस नाम थांबायचे नाही आणि वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. दोन दोन तासांचे पहारे, आणि विणेकऱ्याने ते उभ्याने करायचे. सगळे गिरणीतले, त्यामुळे व्यवस्थाही गिरणीसारखीच होती. भिंतीवर लाकडी पाटी, तिच्यावर प्रत्येक पहाऱ्यासमोर माणसाचे नाव आणि त्यापुढे बदलीचे नाव. स्वतःला जमणार नसेल तर बदली ज्याची त्याने ठरवायची. माणूसही नाही आणि बदलीही नाही असे झाले, तर घड्याळाच्या ठोक्याला वीणा दुसऱ्या कोणाला द्यायची आणि चुकलेल्याचे नाव पाटीवरून पुसायचे. हा नियम वडिलांचा. त्यांनी तो पहिल्यांदा लावला तो गोविंदकाकांना, म्हणजे गिरणीत त्यांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या त्यांच्या जिवलग मित्राला. काका गावाहून येताना गाडी रखडली आणि पाव तास उशीर झाला. ते दारात पोचले तेव्हा वडील ओल्या फडक्याने पाटी पुसत होते. त्यानंतर तीन वर्षे काकांनी सप्ताहात फक्त चूल सांभाळली. चौथ्या वर्षी त्यांचे नाव पुन्हा लागले. दोघांची मैत्री तुटली नाही, पण त्या दिवसाबद्दल दोघे कधी बोललेही नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी चार ते सहा हा वडिलांचा पहारा. तो झाला की काल्याचे कीर्तन. त्या वर्षी चैत्रात वडील गेले. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहून तीनच शब्द उच्चारले, "चार ते सहा." मी मान हलवली. मरणाऱ्या माणसापुढे मान हलवायला श्रद्धा लागत नाही.

लढाई संपून थोडेच दिवस झाले होते, पेट्रोल अजून मोजून मिळत होते. सप्ताहाच्या आठवड्यात कार्यालयाने मला नागपूरला पाठवले. पावसाने गाड्यांचा भरवसा नव्हता म्हणून परतीचे तिकीट विमानाचे काढून दिले. मी गोविंदकाकांना पत्र टाकले की, अडचण येऊ शकते, चार ते सहाला कोणाची तरी बदली लावून ठेवा. काकांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेले उत्तर आले: 'इमानातून येणाऱ्याला बदली कशाला? आम्ही तुझ्या बापाच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे.' आमच्या गावचा एकही माणूस तोवर विमानात बसला नव्हता. विमान म्हणजे बसले की पोचले, अशी खोलीतल्या सर्वांची खात्री होती. मला हसू आले आणि थोडा रागही आला. माझी तयारी कागदावर होती. विमान साडेदहाला जुहूला उतरणार, तिथून बसने सांताक्रूझ स्टेशन, गाडीने एल्फिन्स्टन रोड, पुढे पायी पंधरा मिनिटे, बाराच्या आत खोली. हे टिपण करून मी सदऱ्याच्या खिशात ठेवले होते. विमानतळापासून खोलीपर्यंतचा रस्ता मी कार्यालयातल्या सगळ्यांना तोंडपाठ म्हणून दाखवला होता.

विमान मुंबईवर आले तेव्हा खाली काही दिसत नव्हते. आम्ही ढगात तीन वेळा फिरलो आणि पुण्याच्या लष्करी विमानतळावर उतरलो. घाटात लोहमार्गावर दरड आली होती. पुण्याची गाडी लोणावळ्याच्या पुढे जाणार नव्हती. कंपनीने आम्हा अकरा उतारूंना मोटार दिली. बोरघाट उतरताना धुक्यात पुढचे वळण दिसत नव्हते. घाट संपला, डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे जाड नळ दिसू लागले, आणि खोपोलीच्या नाक्यावर पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला. ड्रायव्हर खाली वाकून आला आणि म्हणाला, "नवा पाटा आल्याशिवाय ही काय हलत नाय." दीड वाजला होता. मुंबईकडून एकही मोटार येत नव्हती, कारण चौकच्या पुढे रस्त्यावर पाणी चढले होते. कर्जतला जाणारी छोटी गाडी नुकतीच गेली होती, पुढची संध्याकाळी. इतर उतारू चहाच्या दुकानात शिरले आणि कंपनीला शिव्या देऊ लागले. मी खिशातले टिपण काढून पुन्हा वाचले. त्यात खोपोली कुठेच नव्हती.

नाक्याच्या पलीकडे उतारू नेणारी एक जुनी सर्व्हिस मोटार उभी होती. मालक आणि ड्रायव्हर एकच, हसनमियां. दाढी मेंदी लावलेली, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी कर्जतचे विचारले.

"कर्जतच. बसा. भरली की निघू."

"कधी भरेल?"

"ते काय माझ्या हातात हाय? बाजाराचा दिस असता तर आतापरेंत टपावर पन मानसं असती."

आत तिघे होते. त्यातली एक म्हातारी पडवळाची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. कर्जतहून पुढे कशेळ्याला लेकीकडे चालली होती. मी बसलो. पाच मिनिटांत चौथ्यांदा घड्याळ पाहिले तेव्हा तिला राहवले नाही.

"हा पाटलूनवाला सारखा मनगटाकडं का बगतोय रं? बायको बाळंत हाय का तुजी?"

इतर दोघे हसले. एरवी मी उत्तर दिले नसते. पण का कोण जाणे, मी त्या चौघांना सगळे सांगितले. वीणा, पाटी, वडील, कोरी जागा, चार वाजता परळला उभे राहायचे आहे. बातमी सांगावी तसे सांगितले.

म्हातारी हसनमियांकडे वळली. "ऐकलंस न्हवं? मंग आता कुनाची वाट बगतोस? तुज्या सासूची?"

"सासू आली तर एकटीच मोटार भरंल," हसनमियां म्हणाले. मग त्यांनी मला विचारले, "म्हंजे तुमी पोचंपरेंत तो पयला मानूस उभाच?"

"उभाच."

हसनमियांनी लुंगी पुन्हा घट्ट खोचली. "बसलेल्या मानसाला थांबवलं तर चालतं. उभ्याला थांबवू नये," असे म्हणून त्यांनी इंजिन फिरवायचे हँडल उचलले आणि मोटारीच्या पुढे गेले. पेट्रोल मोजून मिळणाऱ्या त्या दिवसांत चार उतारूंवर ती मोटार निघाली. एवढी वर्षे बातम्या लिहिल्या, पण त्या वाक्याइतका नेमका अग्रलेख मी वाचलेला नाही.

कर्जतच्या अलीकडे एक ओढा रस्त्यावरून वाहतो. पावसाळ्यात तो भरला की मोटार पार जात नाही. त्यासाठी त्या भागातल्या लोकांनी एक रीत बसवली होती. अलीकडे हसनमियांची मोटार, पलीकडे त्यांच्या भावाची. मधल्या पाण्यात जवळच्या वाडीतले पुरुष हातभर अंतरावर रांगेने उभे राहत आणि उतारूंना हातोहात पलीकडे पोचवत. पहिला तुम्हाला दुसऱ्याच्या हातात देई, आणि दुसऱ्याने धरल्याशिवाय पहिला सोडत नसे. त्या दिवशी पाणी कमरेच्या वर होते. मी बूट गळ्यात अडकवले, कागदांची पिशवी डोक्यावर धरली आणि उतरण्यापूर्वी सवयीने माणसे मोजली. सात होती.

तिसऱ्याचा हात पुरेना आणि सुटला तेव्हा मी ऐन धारेत होतो. पायाखालचा दगड निसटला. मी खाली पाहिले, गढूळ पाण्याचा वेग दिसला आणि डोके गरगरले. तेवढ्यात दंडाला पकड बसली. पिकलेली खुरटी दाढी, डोक्यावर पोत्याची खोळ, वय झालेला माणूस. पकड मात्र तरण्या माणसाची. तो म्हणाला, "खाली नको बगू. फुडल्याच्या हाताकडं बग." मी पाहिले. पुढे एक हात ताणलेला होता. मी त्या हाताकडे पाहत राहिलो आणि पाय आपोआप पडत गेले.

काठावर हसनमियांचा भाऊ वाट पाहत होता. तो म्हणाला, "मधे घाबरला असाल. आज सहाच गडी हायत, सातवा तापानं पडलाय. धारेत जरा अंतर राहिलं."

मी म्हणालो, "धारेत एक म्हातारा होता ना."

"धारेत कोन नाय. तितंच तर अंतर हाय."

मी वळून पाहिले. माझ्यामागून म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन येत होती. ती काठाला लागल्यावर मी पुन्हा मोजले. पाण्यात सहा माणसे होती. माझी मोजणी चुकली असेल. भीतीने माणूस कमीअधिक पाहतो, हे मी इतरांच्या जबान्या लिहून घेताना कितीदा अनुभवले आहे. दोन्ही आकडे जसे मिळाले तसे इथे दिले आहेत. मी म्हातारीला विचारले, "आजी, मधे तुम्हाला कोणी धरलं?"

ती लुगड्याचा ओचा पिळत होती. "हात मिळाला न्हवं तुला? मंग मोजतोस कशाला?"

मी गळ्यातले बूट काढून पायात चढवले.

दुसऱ्या मोटारीने कर्जत गाठले तेव्हा सव्वातीन होत होते. घाटावरून येणाऱ्या गाड्या बंद, म्हणून कर्जतहूनच मुंबईला एक गाडी सोडत होते. ती जवळजवळ रिकामी होती. मी चढलो आणि ती हलली. हिशेब सोपा होता. साडेपाचच्या आत परळ येत नव्हते. चार वाजता गाडी कल्याणच्याही अलीकडे होती. मी घड्याळात चार वाजलेले पाहिले आणि डोळ्यांपुढे पाटी, ओले फडके आणि वडिलांच्या नावाची पुसट होत जाणारी अक्षरे आली. ज्यांच्या हातात फडके असणार ते गोविंदकाका. दोन ते चारचा पहारा त्यांचाच, आणि वीणा पुढे देणे न देणे विणेकऱ्याचे काम. नियम त्यांना तोंडपाठ होता, तो त्यांनी सोसला होता. त्यांनी नाव पुसले असते तर मी त्यांना बोल लावू शकलो नसतो. उतरून जावे, दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावे, असेही मनात आले. मग ओढ्यातले वाक्य आठवले. पाहण्यासारखा हात समोर दिसत नव्हता, तरी मी बसून राहिलो. त्या दिवसात मी स्वतः केले म्हणावे असे एवढेच.

चाळीचा जिना चढताना टाळ ऐकू येत होते. दारात गावचे दोघे बसले होते, त्यांच्या हातात सुकलेला झेंडूचा हार. ते सकाळीच जुहूला मला उतरवून घ्यायला गेले होते. विमान पुण्याला गेले असे तिथे कळल्यावर ते परत आले होते. एकजण म्हणाला, "आलं रं इमान! आमाला वाटलं, पुन्याला उतरलाय तर आता देहू-आळंदी करूनच येतो." दुसऱ्याने त्याला गप्प केले आणि मला आत ढकलले.

गोविंदकाका उभे होते. गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, ओठांवर नाम. रात्रपाळी करून ते न झोपताच दोनच्या पहाऱ्याला उभे राहिले होते, आणि पावणेसहा वाजत आले होते. साच्यापुढे उभे राहून राहून त्यांच्या पायांना कायमची सूज असे. आता घोट्यांवर बांधलेल्या पट्ट्या मांसात रुतल्या होत्या. मागे दोघेजण त्यांच्या पाठीला खांदा देऊन उभे होते. मी आधी पाटीकडे पाहिले. वडिलांचे नाव जागेवर होते. मग घड्याळाकडे पाहिले. खोलीतले ते एकुलते घड्याळ भिंतीकडे तोंड करून टांगलेले होते.

काकांनी डोळे उघडले.

"तुज्या बापानं मला घड्याळ दाकवलं होतं," ते म्हणाले. "मी सादा मानूस. मी घड्याळच फिरवलं."

"काका, नियम—"

"नियम तुज्या बापाचाच हाय. दोनाचा मानूस चाराच्याला वीना देतो, मंग चार वाजतात. मी दिलीच नाय. मंग चार वाजले कवा रं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बापाचं नाव पुसायला माजा हात उठला नाय. हात पाय धू. लवकर कर, पाय फुटायला आलेत."

पहारा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे असते. काकांना वाकता आले नाही. मी वाकलो तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग वीणा माझ्या गळ्यात घातली. माझा हात पुरता बसेपर्यंत त्यांनी आपला सोडला नाही. ओढ्यातल्या माणसांनीही तसेच केले होते. त्या क्षणी मला जे समजले ते मी आजवर कुठल्याही बातमीत लिहू शकलो नाही. वीणा खाली ठेवत नाहीत हे मी लहानपणापासून ऐकत होतो. त्या दिवशी सकाळपासून मलाही कोणी खाली ठेवले नव्हते. हसनमियांनी मला आपल्या भावाकडे दिले, वाडीच्या लोकांनी एकमेकांकडे दिले, आणि ज्याच्याकडे मागायचा मला काही अधिकार नव्हता तो माणूस चार तास जवळजवळ पुरे होईपर्यंत माझ्यासाठी उभा राहिला. वाटेत कोणी माझे नावही विचारले नाही. सहा होते की सात, हा प्रश्न त्यानंतर मला छळेनासा झाला.

मी पुरते दोन तास उभा राहिलो. कीर्तन तोवर थांबले. काका जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि मधूनच टाळ चुकणाऱ्याला दटावत होते. कोणीतरी घड्याळ सरळ केले, तेव्हा चार ते सहाचा पहारा आठला दहा मिनिटे कमी असताना संपला. आमच्या गावच्या हिशेबात तो बरोबर वेळेवर झाला. या गावचा आणि या तालुक्याचा मी आहे, ही गोष्ट तोवर मी अर्जात लिहीत होतो. त्या दिवसानंतर ती मी छाती काढून सांगतो.

रात्री सदरा वाळत घालताना खिशातले टिपण हाताला लागले. ओढ्याच्या पाण्याने त्याचा लगदा झाला होता. 'बाराच्या आत खोली' एवढी शेवटची ओळ वाचता येत होती. मी ते फेकून दिले. प्रवासाची तयारी करू नये असे मी म्हणत नाही, मी आजही गाड्यांच्या वेळा पाहूनच निघतो. पण रस्ता आपल्या कागदाबाहेर गेला की खाली पाहायचे नाही, पुढच्या हाताकडे पाहायचे, एवढे त्या दिवसापासून पाळत आलो आहे. तो हात ज्याने ज्याने दिला, आणि ज्या कोणी तो देवविला, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

पुढच्या वर्षी सप्ताहाआधी पाटी नव्याने रंगवायला काढली. काका म्हणाले, आता बापाच्या जागी तुझे नाव लाव. मी नको म्हणालो. चार ते सहासमोर अजून वडिलांचेच नाव आहे. त्यापुढे कोरी राहिलेली जागा मी माझ्या हाताने भरली. तिथे लिहिले आहे: बदली, आणि त्याखाली माझे नाव.